२४ सेकंदांचा शेवट आणि ५००चा स्टॅम्प

"तुही गोष्ट मंधातच बंद पडते वो बाई. मले वाटते रेंज गेली."

आमच्या वावरात कापूस वेचायला येणाऱ्या एका काकूंचं हे वाक्य. तारीख १७ नोव्हेंबर २०२४, रविवार. तारीख लक्षात राहिली, कारण विधानसभेचं मतदान तीन दिवसांवर होतं आणि प्रचाराच्या भोंग्यांपायी मला आठवडाभर एक ओळ धड रेकॉर्ड करता आली नव्हती. काकूंनी फोन पदरात बांधला होता, दोन्ही हात बोंडांवर. माझ्या पॉडकास्टचा भाग संपला की त्या हातातला कापूस ओटीत टाकत, फोन सोडत, बघत, आणि मग त्यांना कळे की रेंज गेली नव्हती, मीच गेले होते.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. दिवसभर उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, सातबारा. जून २०२४पासून रात्री पॉडकास्ट करते. गावातल्या म्हाताऱ्या बायांच्या आठवणी, बियाण्यांच्या गोष्टी, लग्नं, दुष्काळ, जात्यावरच्या ओव्या. पंधरा दिवसांनी एक भाग, नाव 'धुऱ्यावरून'. धुरा म्हणजे शेताचा बांध. तोवर अकरा भाग झाले होते आणि अकराही भागांत एकच खोट होती. आजी बोलायची थांबली की मी फाइल तिथेच कापत होते. मला ते साधं, खरं वाटत होतं. ऐकणाऱ्याला ते तुटलेलं वाटत होतं.

हे सगळं लिहिते आहे, कारण "शेवटाला थोडं म्युझिक टाकून दे, झालं" असं मला चौघांनी सांगितलं आणि त्या 'झालं'ला वर्ष लागलं.

पहिली चूक लगेच, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात केली. तालुक्याला लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्या एका पोरानं सांगितलं, "ताई, सात सेकंदांपर्यंत चालते. सात सेकंदांच्या आत असलं का कोणी काही म्हनत नाही." मी एका जुन्या भक्तिगीताच्या कॅसेटमधला सात सेकंदांचा तुकडा शेवटी चिकटवला आणि भाग यूट्यूबवर चढवला. चहा होईपर्यंत कॉपीराइट क्लेमची सूचना हजर. ते ध्वनिमुद्रण एका कंपनीच्या मालकीचं होतं. चूक माझीच होती. कॉपीराइट कायदा १९५७चा. कुठल्या कामासाठी दुसऱ्याचं वापरलं तर चालतं, त्याची यादी कलम ५२मध्ये आहे. मी ती यादी रात्री बसून वाचली. त्यात सात सेकंद नाहीत, दहा नाहीत, तीसही नाहीत. सेकंदांचा हिशेब कुणी तरी कुणाला तरी सांगितला आणि तो डीजेच्या गाडीवरून गावोगाव गेला, एवढंच.

तुम्हाला अशी सूचना आली तर आधी एक बघा. क्लेम आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लेम आला म्हणून चॅनल बंद होत नाही, ती भीती स्ट्राइकची. बहुतेक वेळा त्या व्हिडिओचं उत्पन्न हक्कदाराकडे जातं, इतकंच. क्लेम चुकीचा वाटला तर हरकत घेता येते आणि समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. पण माझी बाजूच खोटी होती, हरकत कसली घेणार? यूट्यूब स्टुडिओत तेवढा तुकडा छाटायची सोय आहे. छाटला, क्लेम गेला. भाग पुन्हा मंधातच बंद पडायला लागला.

मग फुकटच्या संगीताच्या मागे लागले. क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे परवाने असतात. काहींत 'नाव द्या आणि वापरा' अशी अट असते, काहींत 'व्यापारासाठी नको' अशी. ही दुसरी अट मी आधी वाचलीच नव्हती. गावातलं कृषी केंद्र मला भागामागे ₹५०० देतं आणि त्याबद्दल मी भागात त्यांचं नाव घेते. म्हणजे व्यापार आलाच. तसल्या चार सुंदर धुना सोडून द्याव्या लागल्या. उरलेल्यांतून एक पियानोची घेतली आणि घरी वाजवून दाखवली. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, डोळे मिटून पूर्ण ऐकत राहिले. मग म्हणाले, "चांगलं हाय. पन कोन्या दवाखान्याचं हाय हे?"

यवतमाळच्या खासगी दवाखान्यांच्या जाहिराती रोज ऐकणाऱ्या माणसानं सांगितल्यावर मलाही त्यात सलाइनची बाटलीच दिसायला लागली.

इथे मी थांबले आणि आठवडाभर नुसते शेवट ऐकले. हे आधी करायला हवं होतं. पुण्यात शिकणाऱ्या भाच्यानं यादी पाठवली. इंग्रजी मला बोलायला जड जातं, पण ऐकलेलं कळतं. प्रत्येक भागाची फक्त शेवटची दोन मिनिटं ऐकायची, असा नेम केला. 'द डेली'चा निवेदक आपलं नाव सांगतो आणि उद्या भेटू म्हणतो, बस. रोजचा कार्यक्रम असल्यावर 'उद्या' या शब्दाला वजन येतं. मी पंधरवड्याची, मला ते जमणार नव्हतं. 'धिस अमेरिकन लाइफ'मध्ये सगळ्यांची नावं घेऊन झाली की निवेदक आपल्या रेडिओ केंद्राच्या जुन्या प्रमुखाचे आभार मानतो आणि त्याच भागातलं कुणाचं तरी भलतंच वाक्य त्याच्या तोंडी घालतो. वर्षानुवर्षं तीच गंमत, म्हणून लोक श्रेयनामावलीही पूर्ण ऐकतात. 'वेलकम टू नाइट व्हेल' तर नावं वाचून झाल्यावर शेवटी एक विचित्र म्हण टाकतं, म्हणजे ऐकणारा आधी उठूच शकत नाही. आणि 'रेडिओलॅब'! तिथे नावांची यादी श्रोतेच फोनवरून वाचून पाठवतात. कुणी अडखळतं, कुणाच्या मागे कुत्रं भुंकतं. ते ऐकलं आणि मला आमच्या वेचणीवाल्या काकू आठवल्या. ती कल्पना वहीत लिहून ठेवली.

या सगळ्यांत मला दोन कामं वेगळी दिसली. संगीत सांगतं की आता संपत आलं, आवरतं घ्या. शब्द सांगतात की कोण बोललं आणि परत कधी. मी इतके दिवस दोन्ही टाळत होते.

हे मी मामाजींना समजावून सांगायला गेले तर ते म्हणाले, "मंग आम्ही काय करतो भजनात?" खरंच होतं. आमच्या गावात खंजिरी भजनाचं मंडळ आहे, मामाजी त्यात खंजिरी वाजवतात. भजन संपताना लय चढते, पेटी वर जाते, तिहाई पडते, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजतो, आणि सगळे एकदम थांबतात. झोपलेलं पोरगंही तिथे उठून बसतं. त्या क्षणी काय झालं ते कुणाला सांगावं लागत नाही. म्हाताऱ्या बायांना विचारलं तर त्यांनी आणखी जुनं सांगितलं. एकेकाळी दिवस संपायचा तो 'शकुंतला'च्या शिट्टीनं. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी ती नॅरोगेजची गाडी दारव्ह्यावरून जायची. ती शिट्टी शेवटाला घ्यावी असं मला फार वाटलं होतं, पण गाडी बंद पडून वर्षं झाली. दुसऱ्या कुठल्या गाडीची शिट्टी लावणं म्हणजे खोटं.

मंडळानं आधी एक नेहमीचं भजनच सुचवलं, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं. आमच्या भागात हे साहजिकच. त्या सगळ्यांसमोर कायदा काढताना मला लाज वाटली, पण काढला. रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं राहतो. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. मोजणी १ जानेवारी १९६९पासून, म्हणजे ३१ डिसेंबर २०२८पर्यंत. मामाजी चिडले. "महाराजाचं भजन म्हनाले परवानगी लागते? आम्ही रोज प्रार्थनेत म्हनतो!" प्रार्थनेत म्हणायला कायद्यानंच मोकळीक ठेवली आहे. प्रश्न माझ्या कार्यक्रमाचा होता, ज्यात कृषी केंद्राची जाहिरात आहे. हा फरक पटवायला दोन संध्याकाळी गेल्या.

मग अभंग का नाही घेतला? तुकोबांच्या शब्दांवर आज कुणाचा हक्क नाही. (पण एखाद्या गायकानं गाऊन ठेवलेला अभंग उचलता येत नाही, कारण त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. इथे पुष्कळ जण फसतात.) आम्हीच गायलो असतो तर चाललं असतं. तरी मी नको म्हटलं. माझ्या कार्यक्रमात भीमगीतं म्हणणारी आजी आहे, कव्वालीच्या आठवणी सांगणारी खाला आहे, आणि ज्या ओव्या येतात त्यांत सासूला दिलेल्या शिव्या अभंगाच्या शेजारी बसवण्यासारख्या नाहीत. शब्द नकोत, नुसती धून हवी, जी कुणाच्याही बोलण्यानंतर वाजली तरी खटकणार नाही.

पेटी वाजवतात ते निवृत्त गुरुजी. वय ७१. त्यांनी ऐकून घेतलं आणि "भैरवी" एवढंच म्हणाले. मैफल भैरवीनं संपते, मग ती कुठल्याही प्रहरी संपो. आठ दिवसांनी त्यांनी नवी चाल बांधून आणली, वहीच्या पानावर भातखंडे पद्धतीनं स्वरलिपी लिहून. केरवा तालात, मिनिटाला १२० मात्रा. आठ मात्रांचं आवर्तन चार सेकंदांत फिरतं. सहा आवर्तनं म्हणजे बरोबर २४ सेकंद, त्यातल्या शेवटच्या दोन आवर्तनांत तिहाई. गुरुजींनी हा हिशेब फळ्यावर लिहिल्यासारखा मला बोटांनी मोजून दाखवला.

५ जानेवारी २०२५ला हनुमान मंदिराच्या सभामंडपात रेकॉर्डिंग केलं आणि ते पार वाया गेलं. खाली टाइल्स, वर स्लॅब. खंजिरीची एक थाप तीनदा ऐकू येत होती. शिवाय त्या आठवड्यात शेतीची लाइन दिवसा होती, त्यामुळे जवळच्या विहिरीवरची मोटार सगळ्यात खालून गुणगुणत होती. गोधडी टांगून बघितली, काही उपयोग झाला नाही.

उपाय घरातच पडला होता, अक्षरशः पडला होता. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ₹७,५२१ होता आणि व्यापारी त्याच्या खाली मागत होते, म्हणून आम्ही चौदा क्विंटल कापूस मागच्या खोलीत भरून ठेवला होता. गंजी छतापर्यंत. मी एकदा तिथे फोनवर बोलायला गेले आणि माझा आवाज मलाच परका वाटला. भिंतीवरून काही परतच येत नव्हतं. शहरात यासाठी लोक भिंतींना फोम लावतात म्हणे. १२ जानेवारीला, लाइन रात्रपाळीला गेल्यावर, भरदुपारी चार माणसं, एक पेटी, खंजिरी, ढोलकी आणि टाळ त्या खोलीत दाटीवाटीनं बसवले. पंखा बंद. अंगाला खाज. साधा तारेचा माइक, ₹९००चा, पेटीपासून तीन हातांवर आणि खंजिरीपासून सहा. अंतर असंच ठरलं, खंजिरी मागे सरकवत सरकवत. सातवी खेप चांगली झाली. आठवी जास्त चांगली झाली असती, पण टाळवाल्या काकांना शिंक आली, बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. ती खेप मी अजून जपून ठेवली आहे.

एक सांगते. दर खेपेनंतर पाच सेकंद कुणी हलायचं नाही, असं आधीच ठरवून घ्या. शेवटच्या थापेची आस पूर्ण विझायला वेळ लागतो. आमच्या पहिल्या तीन खेपा "जमलं का वो?" या प्रश्नानं कापल्या गेल्या.

गुरुजींना ₹१,१०१ आणि नारळ, बाकी तिघांना ₹५०१. मामाजी घ्यायला तयार नव्हते. घ्यावेच लागले, कारण पुढचं प्रकरण कागदाचं होतं.

गावात तोंडी चालतं, मग कागद कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण मी रोज लोकांचे तोंडी व्यवहार कागदाविना अडकलेले बघते. चाल गुरुजींची, म्हणून तिचा हक्क गुरुजींचा. वाजवणाऱ्यांचा कलाकार म्हणून वेगळा हक्क असतो, तो ५० वर्षं टिकतो. तालुक्याच्या ओळखीच्या वकिलांनी माझा मसुदा वाचला आणि दोन जागी पेन ठेवलं. मी मुदत लिहिली नव्हती. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेशही लिहिला नव्हता. तो लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. आमच्या गावचा एक पोरगा मस्कतला आहे आणि प्रत्येक भाग ऐकतो. त्याच्या एकट्यासाठी 'संपूर्ण जग' असे दोन शब्द घातले. मोबदला किती, तेही लिहिलं. आणि गुरुजींनी स्वतः एक अट घालून घेतली, की धून वाजेल तिथे नाव घेतलं जावं.

३ फेब्रुवारीला तहसीलच्या आवारात स्टॅम्प घ्यायला गेले. मी १०० रुपये काढले. व्हेंडर हसले. ऑक्टोबर २०२४पासून करारनाम्याला किमान ५००चा लागतो. रजिस्टरात लिहायला त्यांनी विचारलं, कशाबद्दल? "गाण्याबद्दल." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं 'करारनामा' लिहिलं.

खरी गंमत पुढे झाली. मामाजींनी पारावर बसून सही केली, कारण चष्मा तिथल्या दुकानात राहिला होता. दोन साक्षीदारही पारावरचेच. दिवे लागेपर्यंत गावभर झालं की सुनेनं सासऱ्याकडून स्टॅम्पावर लिहून घेतलं. रात्री नऊला पुसदहून नणंदबाईंचा फोन. माझा नाही, ह्यांचा वाजला. "बाबाकडून काय लिहून घेतलं तुमी? कोनतं वावर?" यांनी "खंजिरी" म्हटलं तर तिकडून फोन ठेवल्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी नणंदबाई बसनं आल्या. कागद वाचला, दोनदा. मग मागच्या खोलीत बसून धून ऐकली. चहा घेतला. जाताना म्हणाल्या, "मंग बाबाचं नाव पयले काहून नाही? पेटीवाल्याचं पयले काहून?"

म्हणून सांगते, घरच्या माणसाशी करार करायचा असेल तर सही घरात घ्या आणि सगळ्या भावंडांना आधी फोन करा.

जोडणी मी ऑडॅसिटीवर करते, ते फुकट आहे. इथे माझे पंधरा दिवस गेले, त्यातले निम्मे अज्ञानापायी. बोलणं सुरू झालं की मागचं संगीत आपोआप दबावं यासाठी त्यात 'ऑटो डक' नावाची सोय आहे. ती चालायची तर आवाजाचा ट्रॅक संगीताच्या ट्रॅकच्या लगेच खाली हवा. मी वर ठेवला होता आणि संध्याकाळभर संगणकाला बोल लावत बसले.

मोठा वाद झाला तो धून विरत न्यायची की नाही यावर. मी पहिल्यांदा शेवटचे सहा सेकंद हळूहळू बारीक केले, सगळे करतात तसे. मामाजींनी ऐकलं. "दिंडी दूर गेल्यावानी वाटते. पन आम्ही कोठी गेलो? आम्ही तं बसूनच हावो." गुरुजींना राग वेगळाच आला. तिहाई बांधली ती समेवर येण्यासाठी आणि मी तिला पोहोचूच दिलं नाही. त्यांचं बरोबर होतं. मग उलटं मोजायला शिकले. रेडिओवाले याला बॅकटायमिंग म्हणतात. संगीत कुठे सुरू करायचं ते शेवटाकडून मोजून ठरवायचं. २४ सेकंदांतलं पहिलं आवर्तन मोकळं, म्हणजे ऐकणाऱ्याला चाहूल लागते. पुढची तीन आवर्तनं, बारा सेकंद, माझं बोलणं. शेवटची दोन पुन्हा मोकळी, तिहाई, सम, आणि मग दीड सेकंद शांतता. ती शांतताही फाइलमध्ये ठेवायची, नाही तर यूट्यूब पुढचं काही तरी समेच्या डोक्यावर आणून आदळतं.

आवाजाच्या पातळीनंही छळलं. ॲपल पॉडकास्टची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा लागतो ते मोजायचं एकक) आसपासची आहे, एक इकडे-तिकडे, आणि सगळ्यात उंच टोक उणे एक डेसिबलच्या वर नको. मला यातलं काही माहीत नव्हतं. माझं बोलणं पुटपुटल्यासारखं आणि वर खंजिरी कडाडायची. एका श्रोत्याचा निरोप आला, 'नातू झोपवला होता, उठला.' आता दोन्ही ट्रॅक आधी वेगवेगळे मोजते, मग जोडते. आणि हेडफोनवर चांगलं वाटलं म्हणून फसू नका. आमचं ऐकणं होतं ते मेमरी कार्डवाल्या साध्या फोनवर, ट्रॅक्टरच्या स्पीकरवर आणि व्हॉट्सॲपवर. साध्या फोनवर पेटीचा खर्ज नाहीसाच होतो. खंजिरीच्या चकत्या तेवढ्या ऐकू येतात. गुरुजींनी मध्य सप्तकातली चाल एक सप्तक वर नेऊन पुन्हा वाजवली, तेव्हा कुठे ती ट्रॅक्टरच्या आवाजातून वर आली. त्यासाठी कापसाच्या खोलीत दुसऱ्यांदा खाजवून घेतलं.

राहिले शब्द. बारा सेकंद, म्हणजे माझ्या बोलण्याच्या गतीनं सतरा शब्द. 'धन्यवाद, नमस्कार' म्हणून बघितलं तर ग्रामसभेचा ठराव वाचल्यासारखं झालं. 'लाइक करा, शेअर करा' नको होतं, ते आधी कुठे तरी सांगता येतं. जाताना आपल्याकडे 'जातो' कुणी म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. तेच ठेवलं:

"हे होतं 'धुऱ्यावरून'. आज बोलल्या आमच्या गावच्या आजी. चाल गुरुजींची, खंजिरी मामाजींची. दोन आठवड्यांनी पुन्हा. येतो मंग."

पुण्याचा भाचा म्हणाला, "मामी, येते म्हण ना, येतो काय?" त्याला सांगितलं की इकडे बायाही 'येतो'च म्हणतात, माझ्या सासूबाई आयुष्यभर म्हणत आल्या. लिहिताना मी 'येते' लिहीन, पण धुऱ्यावरून उठताना तोंडात येतं ते 'येतो'.

१६ फेब्रुवारी २०२५ला पहिला भाग असा संपला. त्यानंतर वहीतली कल्पना काढली आणि शेवटची ओळ दर वेळी गावातल्या वेगळ्या माणसाकडून बोलवून घ्यायला सुरुवात केली. पहिल्या त्या काकू. त्यांना सतरा शब्द बारा सेकंदांत बसवायचे म्हटल्यावर त्यांनी सात सेकंदांत उरकले आणि वर विचारलं, "उरलेल्या टायमात काय बोलू?" ते वाक्य तसंच ठेवलं. ते बरोबर पाच सेकंदांत बसलं.

नोंदणी करायची गरज नसते. हक्क रचना केल्याबरोबर मिळतो, नोंद हा फक्त पुरावा. पण गुरुजींना ती हवी होती, आणि ऑनलाइन अर्ज भरणं हे तर माझं कामच. १० मार्चला कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फॉर्म १४ भरला, गुरुजींच्या नावानं, संगीतरचना म्हणून. शुल्क ₹५००. ध्वनिमुद्रणाची नोंद वेगळी, तिचं शुल्क ₹२,०००, ती सोडली. स्वरलिपीच्या वहीचं पान स्कॅन करून जोडलं. शुल्क भरलं की डायरी क्रमांक मिळतो. मग ३० दिवस नुसतं थांबायचं, कुणाची हरकत येते का म्हणून. हरकत कोण घेणार होतं? नणंदबाईंचंही समाधान झालं होतं.

जूनमध्ये, ऐन पेरणीत, त्रुटीचं पत्र आलं. रचनेचं नाव अर्जात मी 'धुऱ्यावरून समाप्ती धून' टाकलं होतं आणि वहीच्या पानावर गुरुजींनी 'भैरवी, केरवा' एवढंच लिहिलेलं. दुसऱ्यांच्या अर्जात मी असली चूक लांबून ओळखते. उत्तराला ३० दिवस असतात, पत्र ईमेलवर येतं, आणि पेरणीत ईमेल कोण बघतो? मी चोविसाव्या दिवशी बघितलं. गुरुजींनी पान नव्यानं लिहिलं, वर नाव, खाली सही, आणि मी ते त्याच रात्री चढवलं. तुम्ही अर्ज कराल तर ईमेल आठवड्यातून दोनदा उघडायचं ठरवूनच करा.

प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२५मध्ये आलं. गुरुजींना केंद्रावर बोलावून रंगीत प्रिंट काढून दिली. त्यांनी आधी स्वतःच्या नावाचं स्पेलिंग तपासलं, मग गावाचं. नंतर दहा झेरॉक्स मागितल्या, एक लॅमिनेट करून घेतली आणि त्याचे ₹३० मोजून टेबलावर ठेवले. मी नको म्हटलं तर म्हणाले, "धंद्यात असं कराचं नाही."

दारापर्यंत गेले आणि परत आले. सुरुवातीला अजून काहीच वाजत नाही, हे त्यांच्या ध्यानात होतं. एक चाल डोक्यात आहे, म्हणाले, भूपाची. वेचणी आटोपू द्या, म्हटलं. यंदाचा कापूस अजून खोलीत यायचा आहे, आणि स्टॅम्पही नवा लागेल.